दोन एकरांची वाटणी

अंजनाचा नवरा कृष्णात पलटणीत, पार आसामच्या हद्दीवर. इकडं ती थोरल्या दिराच्या, नाथाजीच्या घरात. रानात राबायचं तिनं आणि भाकरीचं पीठ मात्र जाऊबाई मापून देणार. माहेरचं माणूस आलं तरी चहा टाकायला विचारावं लागे. शेवटी सुट्टीवर आलेल्या कृष्णातकडून तिनं वाटणी कबूल करून घेतली. नाथाजीही सहज म्हणाला, "व्हा की वायलं."

तिघं इस्लामपूरला कचेरीत गेली. कारकुनानं उतारा पाहून मान हलवली.

"दोन एकर जिरायत. याचे दोन भाग केले की तुकडे पडतात. तुकड्याला मंजुरी नाही."

"आवं, पर दोगं भाऊ राजी हाईत न्हवं?" अंजना मध्येच बोलली.

"राजी असून काय उपयोग, बाई? रान विहिरीखाली असतं, बागायत असतं, तर एवढ्याचीही वाटणी नियमात बसली असती."

कृष्णात पलटणीत परतला. अंजनाच्या डोक्यात मात्र विहीर बसली. तिनं दिरामागं टुमणं लावलं आणि पाण्याच्या आशेनं तो तयार झाला. दोन उन्हाळे ती त्या खड्ड्यात उतरत राहिली. सुरुंगाचा धूर निवळला की दगड पाटीत भरायचे आणि डोक्यावरून वर चढवायचे. नखं फुटली, टाळूवरचे केस गेले. "लय हौस बया तुला!" जाऊ काठावरून म्हणायची. अंजना ऐकून घ्यायची. आपलं छप्पर कुठं घालायचं, चुलीचं तोंड कुणीकडं करायचं, हे तिनं खाली खडकातच ठरवून टाकलं होतं.

पाणी लागलं. नाथाजीनं नारळ फोडला, ऊस लावला. कृष्णात सुट्टीवर आला तशी ती म्हणाली, "भावजी, आता चला कचेरीत. आता मंजुरी मिळंल."

"आता कशाला?" नाथाजी म्हणाला. "कोरडं रान व्हतं तवा ठीक. हीर एक, मोट एक, बैलजोडी एक. मी न्हाई सही करायचा."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. "दादा म्हंतोय ते खरं हाय. मी तिकडं, तू एकली काय करनार?"

"हिरीत एकलीच उतरत हुते की."



कृष्णात पलटणीत परतल्यावर ती एकटीच एसटीनं इस्लामपूरला गेली. कारकुनानं ओळखलं. "आता बसतं तुमचं. पण उताऱ्यावर नावं भावांची. अर्ज त्यांनी करायचा."

"आनि त्यांनी न्हाई केला तर?"

त्यानं पुढच्या माणसाचा कागद हातात घेतला.

दिवस कलताना ती फाट्यावर उतरली. बांधावरून नाथाजीची हाक आली, "आलीस व्हय? पाणी पाटात आलंय, दारं धर लवकर!"

तिनं पदर खोचला, खोरं उचललं आणि उसाच्या सरीत उतरली. पाणी पोटऱ्यांना लागलं. वाकून तिनं एका सरीचं तोंड बुजवलं, दुसरीचं फोडलं.