कपाटाच्या पाठीचं लाकूड

बाबांनी माझी ऑर्डर बदलली आणि मला सांगितलंच नाही. मला ते कळलं थेट आमच्या नीउ-व्हेनेप गावाबाहेरच्या लाकडाच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये, मास्क लावून, फेब्रुवारीच्या वाऱ्यात कुडकुडताना.

आधी माझी बाजू ऐका. लॉकडाउनमुळे बाबांचं शहरातलं, झुइडासचं ऑफिस बंद झाल्यापासून ते आमच्या वरच्या छोट्या खोलीत बसून काम करतात. त्याच खोलीत माझी मॉडेल रेल्वे आहे. म्हणजे रेल्वे आधी होती, बाबा नंतर आले. रूळ जमिनीवर पसरलेले, त्यामुळे मीटिंग तापली की बाबा खुर्ची मागे ढकलतात आणि माझा एखादा सिग्नल मोडतो. शेवटी त्यांनी अट घातली. रेल्वे भिंतीला बिजागरीने लावलेल्या फळीवर न्यायची, आणि रोज सकाळी त्यांच्या पहिल्या मीटिंगच्या आत ती फळी मी एकटीने उचलून भिंतीला बंद करायची. जमलं तर रेल्वे राहील. नाही जमलं तर खोक्यात भरून माळ्यावर.

मी म्हटलं, ठीक. आणि अभ्यासाला बसले. फिजिक्सचा इतका कधी केला नव्हता. शेवटी ठरलं: वर नऊ मिलिमीटरचं बर्च प्लायवूड, खाली पाइनच्या बारीक पट्ट्यांची चौकट. फळी हलकी राहते आणि चौकटीमुळे वाकत नाही. एमडीएफ, म्हणजे भुसा दाबून केलेली फळी, अजिबात नको, कारण ते जड असतं आणि बिजागरीचे स्क्रू त्याच्या कडेत धरत नाहीत. लॉकडाउनमुळे दुकानात शिरून लाकूड निवडता येत नव्हतं, ऑनलाइन मागवायचं आणि बाहेरून उचलायचं. म्हणून मी स्वतः दुकानात फोन केला आणि डचमध्ये सांगितलं, पट्ट्या एक डोळा मिटून बघा, पिळलेल्या देऊ नका. पलीकडचा माणूस हसला, पण हो म्हणाला. सगळं कार्टमध्ये टाकून झालं. शेवटचं पैसे भरायचं बटण तेवढं बाबांकडे होतं.

तर पार्किंगमध्ये दुकानातल्या मुलीने सामानाचा गाडा अंतर राखायला जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीच्या अलीकडे ढकलला आणि ती मागे झाली. गाड्यावर पट्ट्या होत्या. आणि प्लायवूडच्या जागी होती एक तपकिरी, गुळगुळीत, माझ्या अंगठ्याएवढी जाड फळी.

"बाबा, हे एमडीएफ आहे."

"हो. अठरा एमएम. अपग्रेड केलं."

"कुणाला विचारून?"

"श्यामकांतला दाखवलं काल. तो म्हणाला, नऊ एमएम कपाटाच्या पाठीला लावतात."

श्यामकांतकाका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, नाशिकला असतात. फर्निचरमधलं त्यांना सगळं कळतं असं आमच्या घराण्यात ठरलेलं आहे. का, तर नव्या फ्लॅटसाठी त्यांनी दोन महिने घरात सुतार बसवला होता.

मी गाडा परत ढकलायला लागले. ती मुलगी लांबूनच म्हणाली, मापात कापलेलं लाकूड आम्ही परत घेत नाही. माझं डोकं असं फिरलं की मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरली.

बाबांनी बचावासाठी काय करावं? त्यांनी काकांना फोन लावला, स्पीकरवर, आणि फोन गाडीच्या टपावर ठेवला.

"आर्याबाळ, अगं फळी कशी मजबूत पाहिजे," काका म्हणाले. "उद्या कुणी वर बसलं तर?"

"काका, कोण बसणार आहे? एक इंजिन आणि पाच डबे. सगळं मिळून एका नारळाएवढं वजन."

"तरी पण. आयुष्यभर टिकायला नको?"

"आयुष्यभर रोज सकाळी उचलायला तुम्ही येणार का नाशिकहून?"

"यतीन, ही फार बोलायला लागलीये."

"बोलते म्हणजे काय, बरोबर बोलते," मी म्हटलं. "बाबा, धरा ही फळी. कड पोटाला लावा, ती भिंत समजा. आता एका हाताने आडवी धरा, कारण दुसऱ्या हाताने मला फळीखालचा घडीचा पाय मिटायचा असतो."

"इथे?"

"इथेच. तुम्हाला जमलं तर मी एक शब्द बोलणार नाही. रेल्वे मीच खोक्यात भरीन."

बाबांनी धरली. दोन्ही हातांनी छान जमलं, माझ्याकडे बघून हसलेसुद्धा. मग दुसरा हात सोडून खाली वाकले, नसलेला पाय मिटायला. मनगट वळलं, फळी तिरपी झाली आणि कोपऱ्यावर आपटली. कोपरा दबून भुसभुशीत झाला.

"काय पडलं?" टपावरून काका.

"मजबूत पडलं," मी म्हटलं.

बाबा मनगट चोळत म्हणाले, "बरं, बरं. तुझं ते नऊवालं मागवू. त्यात एवढं चिडण्यासारखं काय आहे?"

हेच. यावरच तर मला सगळ्यात जास्त राग आला.

"तुम्ही नाशिकला फोन केलात, बाबा. मी भिंतीपलीकडे होते. काकांना आपली खोली माहीत नाही, फळी कोण उचलणार माहीत नाही. मला माहीत होतं. उचलायची मी, न उचलली तर रेल्वे जाणार माझी, आणि विचारायचं नाशिकला?"

टपावर फोन चालूच होता.

"तुला लाकडातलं..." बाबा बोलायला लागले आणि थांबले. त्यांनी दबलेल्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. मग खिशातून कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. "माग. बटणही तूच दाब."

मी तिथेच उभ्या उभ्या मागवलं. दुकानातून सामान उचलायची वेळ थेट पुढच्या गुरुवारची मिळाली.

"तोवर रेल्वे जमिनीवरच राहणार," मी म्हटलं, "आणि तुम्ही खाली, स्वयंपाकघरात."

"अगं, सोमवारी माझं क्लायंटबरोबर प्रेझेंटेशन आहे. आई कुकर लावते तेव्हा."

"मग आईला विचारा कुकर कधी लावते ते. आधी विचारा, हां."

बाबांनी टपावरून फोन उचलला आणि हळूच म्हणाले, "ठेवतो रे." मी गाड्यावरची पहिली पट्टी उचलली आणि एक डोळा मिटून तिच्या टोकापर्यंत बघितलं. सरळ होती.