तहानलेला वारा

एप्रिल ब्याऐंशीतला शनिवार. पुतळाचे बाबा, हिरामण, मिठागराच्या बांधावर उभे राहिले, मनगटाची आतली बाजू वाऱ्याला लावली आणि नामाला म्हणाले, मीठ उद्या ओढायचं. नामा वीस वर्षं त्यांच्या जोडीला होता. का, हे विचारणं त्याने केव्हाच सोडलं होतं.

पुतळा बांधावर बसून बघत होती. वाशीच्या नव्या शाळेत ती भूगोल शिकवायची आणि सुट्टीला मोरा गावातल्या घरी यायची.

बाबांचं म्हणणं असं, की उगवतीचा वारा तहानलेला येतो, वाफ्यातलं पाणी पिऊन जातो. समुद्रावरचा पोट भरून येतो. मग ऊन कितीही तापो, मीठ लवकर धरत नाही. सातवीत तिने पेपरात हेच लिहिलं. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं, सगळे हसले. घरी येऊन तीही बाबांना हसली, असलं अडाणीपणाचं मला शिकवू नका म्हणाली. त्यांनी पुन्हा शिकवलं नाही.

पुढे कॉलेजात बाष्पीभवनावरचं एक जाड पुस्तक वाचताना ती एका पानावर थबकली. कोरडी हवा पाणी झपाट्याने उचलते, बाष्पाने भरलेली हवा जवळजवळ उचलतच नाही. आकडे होते, आलेख होते. बाबांचं मनगट हे सगळं क्षणात ओळखायचं. ते त्यांना सांगायचं आठ वर्षं राहून गेलं होतं.

त्या दिवशीही ओठांवर आलं. तेवढ्यात बाबांनीच विचारलं, "बाय, तुमच्या पुस्तकात वाऱ्याच्या या तहानेला काय बोलतात?"

"सापेक्ष आर्द्रता," ती म्हणाली, आणि तिथेच थांबली.

त्यांनी तो शब्द दोनदा अडखळत म्हणून पाहिला.

रविवारी पहाटे ते उठलेच नाहीत. दुपारपर्यंत वाफ्यांत मीठ टपोरं धरलं. ओढायला कुणी गेलं नाही.

दहाव्याला नामा डोळे पुसत, हसत लोकांना सांगत होता, "हिरामण शनवारी गावभर बोलत फिरला, की पोरीने वाऱ्याचं खरं नाव सांगितलं, आपलं ते गावंढलच. आन् नाव त्याला धड बोलताच येईना."

लोक हसले. पुतळा उठून उभी राहिली.

"नाही, नामाकाका. मी फक्त नाव सांगितलं. बाबांचं बरोबर होतं, आणि ते मला ठाऊक होतं."