विहिरीतला वानेरा

राग आला की माझ्या हातातला खडू मोडतो, हे आमच्या शाळेतल्या पोरांना पाठ आहे. त्या दिवशी मोडायला खडूही नव्हता. हातात होता निवडीचा अर्ज, तीन प्रतींत.

साल शहाऐंशी. दुष्काळाचं दुसरं वर्ष, आणि लातूर जिल्हा होऊन पुरती चार वर्षंही झालेली नव्हती. जिल्हा नवा म्हणून साहेब लोकांना नाव काढायची भारी घाई. दिल्लीत समकालीन कलेचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरणार होतं, पस्तीस देशांचं. आपल्या जिल्ह्यातून एक तरी कलाकार गेलाच पाहिजे, असं पत्रक शाळाशाळांत फिरलं. मी देवणीच्या पलीकडं एका गावात चित्रकला शिकवतो. मी दिल्लीला कळवलं की आमच्या रत्नम्माचं काम बघायला या. त्यांचं उत्तर दोन महिने उस्मानाबादेत, आमच्या जुन्या जिल्ह्याला, धूळ खात पडलं, कारण त्यांच्या यादीत लातूर नावाचा जिल्हाच नव्हता.

रत्नम्माचं काम विहिरीत होतं. विहीर तिच्या घरची, पण उन्हाळ्यात पाणी अख्ख्या गावाचं. दगडी बांधणी, तळापर्यंत पायऱ्या. यंदा ती ठणठणीत आटली आणि आतल्या भिंतीवर बैल निघाले. पाच बैल, पोळ्याला शिंगं रंगवतात त्या तेलाच्या रंगातले, प्रत्येक वेगळ्या उंचीवर. सगळ्यांत खाली, तळाला टेकून, एक वानेरा, आमच्या देवणी बैलांतला एक वाण. अंग पांढरंशुभ्र, तोंड दोन्ही बाजूंनी काळं, मान पार खाली घातलेली. मी मुंबईत पाच वर्षं चित्रकला शिकलो. तसा बैल मला आजवर काढता आलेला नाही.

चैत्रात निवडसमितीचे साहेब आले. मुंबईचे, सोबत एक फोटोवाला. साहेब खाली उतरले आणि वानेऱ्यापुढं पाच मिनिटं नुसते उभे राहिले. माझी छाती फुगली. वर येऊन त्यांनी पेन काढलं, अर्ज माझ्या हातातून घेतला.

“बाई, तुमचं माध्यम काय?”

“मराठी,” रत्नम्मा म्हणाली. “दुसरीपस्तोर. म्होरं आमच्या बापानं घातलं न्हाई साळंत.”

साहेब हसले. फोटोवाला हसला. मीही हसलो, आणि त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. साहेबांनी रकान्यात ‘तैलरंग’ असं लिहिलं.

रत्नम्मा माझ्याकडं सरकली. “गुरुजी, दुष्काळ ठाव हाय, सुकाळ ठाव हाय. ह्यो समकाळ कवा पडला वो?”

“समकालीन म्हणजे आत्ताचं, अक्का. ह्या घडीचं.”

“हाव का,” ती म्हणाली.

निवड झाल्यातच जमा होती. दिल्लीत भिंतीएवढे फोटो लागणार होते, रत्नम्माला विमानानं नेणार होते. अट एकच. तळातला वानेरा फोटोत हवा, तोच खरा, त्याच्याशिवाय बाकीच्यांना अर्थ नाही, असं साहेब म्हणाले. त्याच्यावर ऊन बाराला पडतं. बारापर्यंत थांबायचं.

सव्वादहाला टँकर आला.

आमच्याकडं टँकरचं पाणी सरळ विहिरीत सोडतात, मग बाया पोहऱ्यानं शेंदून घेतात. हा टँकर चार दिवसांनी आलेला. पहाटेपासून कठड्याभोवती घागरींची रांग लागलेली. साहेबांनी मला बाजूला घेतलं. “सर, ते पाणी जरा थांबवता येईल का? दोन तासांचा तर प्रश्न आहे.”

मी उत्तर द्यायच्या आत सरपंच व्यंकटराव बोलले, “थांबवू की. जिल्ह्याच्या नावाचा सवाल हाय.” व्यंकटरावांच्या अंगणात बोअर होतं आणि त्याला पाणी होतं. त्यांच्या बापाचं काय जात होतं?

टँकरवर ड्रायव्हर होता श्रीमंत. त्यानं इंजिनही बंद केलं नाही. “मला अजून दोन गावं करायची हायत. वतायचं आसंल तर आत्ता वततो. न्हाई तर म्होरल्या गावाला देतो, तुमचं चार दिसांनी. मी काय हितं गंमत करायलोय का?”

व्यंकटरावांचा मला राग आहे, साहेबांचाही आहे. पण खरं सांगायचं तर त्या टँकरच्या दाराशी जाऊन हात कुणी जोडले? मी जोडले. “थांब रे तेवढं,” असं म्हणालो. माझ्या शिफारशीवर माणूस दिल्लीला जाणार होता. रांगेतून उमाबाई शांतपणे म्हणाली, “गुरुजी, तुमच्या बी घरी लेकरं हायत की.” मी तिच्याकडं बघितलं नाही.

मग रत्नम्मा पुढं आली. साठीची बाई, कपाळावर विभूतीची पुसट पट्टी.

“पानी का थांबलंय?”

“बैलाचा फोटो घ्यायचाय, अक्का,” मी म्हणालो. “पाणी सोडलं तर तो बुडेल.”

“गुरुजी, त्यो समद्यांच्या खाली का काढलाय, हे तुमी एकडाव बी इचारलं न्हाई.”

खरंच विचारलं नव्हतं. रंग विचारला होता, कुंचला कशाचा ते विचारलं होतं.

“बहात्तरला त्यो पान्यावाचून गेला,” ती म्हणाली. “दावणीला, माझ्याकडं बघत. घरात कळशीभर पानी व्हतं, पर ते लेकरांचं व्हतं. मी दिलं न्हाई. म्हून त्येला पार तळाला काढला. हिरीत घोटभर पानी आलं तरी पयलं त्येच्या तोंडाला लागावं.”

टँकरचं इंजिन घुरघुरतच होतं. ती साहेबांकडं वळली.

“साहेब, तुमाला ह्या घडीचं पायजे न्हवं? ह्या घडीला त्येला तहान लागलीया.” आणि मागं न बघता म्हणाली, “श्रीमंत, सोड.”

श्रीमंतनं नळी विहिरीत टाकली. मी कठड्यावरून वाकून बघत राहिलो. पाणी तळाच्या दगडांत पसरलं, वानेऱ्याच्या खुरांना भिडलं, आणि चढत चढत त्या खाली घातलेल्या काळ्या तोंडापर्यंत गेलं. मान तेवढी खाली का, हे मला तेव्हा कळलं. पाच वर्षं शिकलेल्या मास्तराला. रत्नम्मा बघायलाही थांबली नाही, घागर घेऊन रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली.

साहेबांनी अर्ज माझ्या हातात परत दिला. “वाईट वाटतं,” म्हणाले, “पण कलाकृतीच उपलब्ध नाही.” बारा वाजायच्या आत त्यांची जीप उदगीरच्या रस्त्याला लागली होती.

त्या संध्याकाळी मी तिन्ही प्रतींवर ‘तैलरंग’ खोडलं आणि माध्यमाच्या रकान्यात ‘पाणी’ लिहिलं. एवढ्या जोरात की कागद फाटला. दुसऱ्या दिवशी अर्ज रजिस्टर पोस्टानं दिल्लीला पाठवला.

उत्तर आलं नाही. या खेपेला मी जिल्हा ठळक अक्षरांत लिहिला होता.