आभाळातलं पाणी आणि मी, बावखल

तुमच्या हातात फावडं नाही ना? मग बोलतो. मी बावखल. वसईच्या वाड्यांमध्ये गोड्या पाण्यासाठी खणलेली तळी असतात ना, त्यातलंच एक. हल्ली कोणी काठावर येऊन उभं राहिलं की मला धडकीच भरते.

ही वाडी ज्याची, त्या काशिनाथच्या आजोबांनी मला खणलं, तेव्हा चिखल उपसायला अख्खी आळी उतरली होती. माझ्यावर रहाट फिरायचा, केळी नि पानवेली वाढायच्या. त्याच लोकांनी माझ्या शेजारी सागवानी माळ्याचं कौलारू वाचनालय बांधलं. पुढे घरोघरी नळ आले, रहाट मोडला आणि माझ्यात निर्माल्य पडू लागलं. तेही मी सोसलं.

मग काशिनाथचा मुलगा यतीन काठावरून पावलं टाकत मला मोजू लागला. याच्या मनात काहीतरी शिजतंय, हे मी तेव्हाच ताडलं. मला बुजवून त्याला गाड्या लावायला जागा करायची होती. त्याची आई मंदा म्हणाली, शेजारी एवढं जुनं लाकूड, उद्या आग लागली तर पाणी कुठून आणशील? यतीनने तिला मोबाइलवर जंगलात धो धो पाणी ओतणारं हेलिकॉप्टर दाखवलं. आता आग वरूनच विझवतात, म्हणाला. मला काही ते पटेना. आभाळातलं पाणी एवढं हुकमी असतं, तर लोकांनी मला खणलंच कशाला असतं?

 दुसऱ्या दिवसापासून डेब्रिजची गाडी येऊ लागली. एका वेळी एकच, म्हणजे कोणी बोंब मारायला नको. विटा, फरशा, फुटकी बेसिनं, काय काय पोटात गेलं! बघता बघता मी अर्धा बुजलो.

आणि एका भर दुपारी वाचनालयातल्या वायरीने पेट घेतला. वाचनालय सांभाळणारा काशिनाथ वरच्या माळ्यावर पुस्तकं लावत बसला होता. अग्निशमनची गाडी आली, पण तिच्या टाकीतलं पाणी लगेच संपलं, नि दुसरी गाडी वाहतुकीत अडकली. यतीन अधिकारी रीमा मॅडमच्या हातापाया पडू लागला, हेलिकॉप्टर बोलवा म्हणून.

"टनभर पाणी एकदम त्या छपरावर आदळलं, तर कौलं, वासे, भिंत, सगळं तुमच्या वडिलांच्या अंगावर येईल," त्या म्हणाल्या. "आणि आग आत, माळ्याखाली आहे. तिथवर ते पोचायचंही नाही. जवळ पाणी कुठे आहे, ते सांगा."

 मंदाने माझ्याकडे बोट दाखवलं.

पाइप माझ्यात उतरला. होतं नव्हतं ते सगळं मी दिलं. त्या पाण्याने जिना ओला राहिला, म्हणून जवान काशिनाथला खांद्यावर घेऊन खाली येऊ शकले. मग पाइपातून नुसता चिखल यायला लागला. अर्धं वाचनालय सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जळालं.

काशिनाथ बरा आहे, थोडा खोकतो. आज सकाळी त्याने यतीनला एवढंच विचारलं, "तुझी ती गाडी आणखी दोनदा आली असती तर रे?"

तेव्हापासून यतीन घमेलं घेऊन माझ्यात उतरलाय, विटा बाहेर फेकतोय. रडतोय म्हणतात. रडू दे. माझा नाही विश्वास. लोकांचं बोलणं थांबलं की हाच पुन्हा पावलं टाकत येईल.

म्हणून हात जोडतो, आला आहात तर लगेच निघू नका. शेवटची वीट निघेपर्यंत इथेच उभे राहा. मला माझं काही नाही हो. वाचनालयाच्या उरलेल्या अर्ध्या माळ्यावर काशिनाथ उद्यापासून पुन्हा बसणार आहे.