मिठागरावरचा बुचडा

माधुरीने ओठांत धरलेली शेवटची पिन काढून केसांच्या फुग्याच्या मुळाशी खोचली आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. आरशाला टेकवलेल्या लग्नाच्या फोटोत होता तसाच फुगा, कानांजवळ तशाच दोन बटा, भांगही तसाच मधोमध. फोटोतली मुलगी अठराची आणि विगखालची सत्यवती अडुसष्टची, एवढाच काय तो फरक.

"जमलं?" सत्यवतीने विचारलं. तिने अजून आरशात बघितलं नव्हतं.

"हुबेहूब, काकू."

बाहेरच्या खोलीत स्टीलचं ताट फरशीवर आपटलं. पाठोपाठ पूर्वी, सत्यवतीची नात, दारात आली. तिच्या ओढणीवर कालवण सांडलं होतं.

"आजी, माझ्या हातून पण नाही खात."

सत्यवतीच्या नवऱ्याचं, बळीरामचं, विसरणं वर्षभरापूर्वी सुरू झालं होतं. मुलांची नावं गेली, बेलपाड्यातल्या गल्ल्या गेल्या, पण बायको राहिली होती. मग सत्यवतीला कॅन्सर निघाला, औषधांनी केस गेले, आणि एका सकाळी त्यांनी तिच्याकडे बोट दाखवून विचारलं, ही कोण? पदर घेऊन झाला, रुमाल बांधून झाला. परवापासून तर ते तिच्या हातचं काहीच घेईनात, आणि दुसऱ्या कोणाच्या हातचं खायची सवय त्यांना पन्नास वर्षांत लागली नव्हती. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, आज संध्याकाळपर्यंत पोटात अन्न गेलं नाही तर दवाखान्यात आणा, नाकातून नळी घालू. नळी ओढून काढतात म्हणून हात बांधावे लागतील, हेही सांगितलं होतं. मुलगा हरेश पाच वाजता गाडी घेऊन येणार होता.

जुन्या काळची केशरचना म्हटली की पनवेलमध्ये माधुरीचं नाव निघायचं. नाटकवाले, लग्नाआधी जुन्या जमान्यातले फोटो काढून घेणारी जोडपी, खारघरच्या कॉलेजातल्या पोरी, सगळ्यांची पावलं तिच्या लाईन आळीतल्या दुकानाकडे वळायची. फोटो द्या आणि निश्चिंत राहा, असं ती छाती ठोकून सांगायची. आजचा विग तिचा सगळ्यात चांगला, खऱ्या केसांचा. एरवी ती त्याला कोणाला हात लावू देत नसे. सत्यवतीची नात हा फोटो घेऊन रडत दुकानात आली तेव्हा मात्र तिने तो मागेपुढे न बघता कपाटातून काढला होता.

"चला," ती म्हणाली.

सत्यवती बाहेर गेली. माधुरी आणि पूर्वी दाराआड उभ्या राहिल्या. खाटेवर बसलेल्या बळीरामनी मान वर केली. बराच वेळ बघितलं. मग घाईघाईने पाय आखडून घेतले आणि लुंगी सारखी केली.

"बसा," ते अदबीने म्हणाले. "कोनाकडं आलात? घरात बाईमानूस नाय आता."

सत्यवती आल्या पावली परत फिरली. आत येऊन खुर्चीत बसली. साडेतीन वाजून गेले होते. माधुरीने फोटो उचलून पुन्हा विगशी ताडून बघितला. फुगा जरा उंच झाला असेल, बटा जरा खाली हव्या असतील, असं ती पुटपुटत राहिली, तशी सत्यवतीने फोटो तिच्या हातातून काढून पालथा घातला.

"बाय, ह्या फोटोत मीच मला वळखत नाय, ते काय वळखतील? फोटोवाल्याच्या बायकोनं घातला तो फुगा. डोकं असं ठणकलं, सांजच्याला सोडून टाकला."

"मग रोज कसे बांधायचात?"

विचारता विचारताच माधुरीला स्वतःची लाज वाटली. दोन दिवस ती या केसांवर काम करत होती आणि हा प्रश्न तिला सुचला नव्हता. समोर जितंजागतं माणूस असताना तिने कागदावर भरवसा ठेवला होता.

"मिठागरावर कसला फुगा? डोक्यावर चुंबळ, त्यावर मिठाची पाटी. बुचडा खाली, मानेशी. पाटी उजवीकडनं उतरवायची, म्हनून बुचडा डावीकडं. तेल चपचपीत, नायतर मीठ केसात भरायचं." सत्यवती थांबली. "तेच पाटी उचलून द्यायचे ना. रोज तेच बघायचे."

माधुरी पिना उपसू लागली. दोन दिवसांची मेहनत तिने दोन मिनिटांत विस्कटली.

"पूर्वी, खोबरेल आण."

"विगला तेल चालतं?"

"नाही चालत. आण."

तेलाने जाळीवरच्या गाठी सैल होतात, केस सुटायला लागतात. माधुरीने स्वतः शिकवलेल्या मुलींना यावरून किती वेळा फैलावर घेतलं होतं. तिने बाटली तळहातावर उपडी केली आणि केस चोळून चोळून चापून बसवले. बुचडा घातला, तो फारच गुळगुळीत झाला. सत्यवतीने हात मागे नेऊन तो सोडला, केसांना दोन पीळ दिले आणि टोक आत खुपसलं.

"पिना कुठं होत्या आमच्याकडं?" ती म्हणाली.

मग तिने कालवणात कुस्करलेली तांदळाची भाकरी ताटलीत घेतली आणि गेली.

बळीरामनी बघितलं. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सुटल्या.

"सत्ये, कवा आलीस?"

"आताच."

माधुरीने पूर्वीचा दंड गच्च धरला. तिला मोठ्याने हसावंसं वाटलं. सत्यवती खाटेच्या कडेला टेकली, घास केला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. बळीरामनी तिचं मनगट धरलं.

"थांब. आदी तिला दे."

"कोनाला?"

त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "घरात एक बाय हाय. म्हातारी. डोक्यावर केस नाय तिच्या. मी तिला वाईट बोललो, सत्ये. ताट फेकलं. ती मागं बसून रडत होती. मी जेवत नाय म्हनून तीपन जेवत नाय. आपल्या घरात उपाशी हाय ती."

सत्यवतीचा हात तसाच राहिला. घासातलं कालवण तिच्या बोटांवरून ओघळलं.

"बोलावते तिला," ती म्हणाली.

ती आत आली. ताटली टेबलावर ठेवली, दोन्ही हातांनी विग उतरवला आणि माधुरीच्या हातात दिला. राहू दे काकू, ते पुन्हा ताट फेकतील, असं माधुरीला म्हणायचं होतं. सत्यवतीने पदरही डोक्यावर घेतला नाही. ताटली उचलली आणि तशीच बाहेर गेली.

बळीराम तिच्याकडे बघत राहिले. मग खाटेवर सरकून त्यांनी जागा केली.

"ये बाय. सत्येनं सांगितलं ना तुला?"

"सांगितलं," ती म्हणाली, आणि पहिला घास तिने स्वतःच्या तोंडात घातला. तो गिळेपर्यंत त्यांनी नजर काढली नाही. मग त्यांनी तोंड उघडलं.