फलकावरचं तोंड

मी होड्या रंगवते. नवरा सुतार आहे. तो फळ्या बदलतो, भेगा बुजवतो, आणि मग होडी माझ्या ताब्यात येते. आधी खरवडायची, खळग्यांत लांबी भरायची, मग पोटाला डांबर आणि वर रंग. नदीकाठी आमची पत्र्याची शेड होती आणि शेडसमोर पाण्यापर्यंत गेलेला मातीचा उतार. त्या उतारावरून होडी वर ओढता यायची आणि दुरुस्त झाली की परत पाण्यात सोडता यायची. शेड काय, कुठंही ठोकता येते. उतार ठोकता येत नाही.

माझी भाची पालिकेच्या नियोजन विभागात आहे. धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण नर्स, तिच्या ड्यूट्यांना काही धरबंध नसायचा, म्हणून ही पोर शाळा सुटली की आमच्या शेडमध्ये. पालथ्या होडीवर बसून गृहपाठ करायची आणि फ्रॉकला डांबर लावून घरी जायची. तिला नोकरी लागली तेव्हा सगळ्या काठाला मीच सांगत सुटले होते.

एक दिवस ती कॅमेरा घेऊन आली.

"मावशी, काठावर कोण काय काम करतं त्याचा अहवाल करायचाय. तुझा फोटो घेऊ?"

"घे की. पण तोंड धुऊन येऊ दे."

"नको, अशीच छान दिसतेस."

तेवढ्यात नवरा वाकला आणि त्याचा चष्मा निळ्या रंगाच्या डब्यात पडला. त्यानं तो बाहेर काढला, तसाच डोळ्यावर चढवला आणि म्हणाला, "आज आभाळ फारच खाली आलंय गं." मी अशी हसले की हातातला ब्रश गळून पडला. पोरीनं तेवढ्यात फोटो काढला.

पुढं दोन-तीन महिन्यांनी चौकात फलक लागला. दुमजली घराएवढा. त्यावर मी. आ वासून हसतेय. वर लिहिलेलं, 'आपला किनारा, आपली भरभराट'. माझ्या पाठीमागची शेड गायब होती. तिथं कुंड्यांतली झाडं, दगडी पायऱ्या, आणि कागदी कप हातात घेऊन हिंडणारी गोरीगोमटी माणसं. उताराच्या जागी चकचकीत रेलिंग. आणि माझा समोरचा वरचा दात, जो केव्हाच पडलाय, तो फलकावर जागच्या जागी होता. पालिकेनं मला फुकटात दात बसवून दिला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात. माझं नसलेला दात दाखवून झालं.

मी खाली उभी राहून बघत होते. शेजारी पैलतीराला माणसं नेणारा नावाडी येऊन उभा राहिला. आमचा उतार बुजवून तिथं घाट बांधायचा, ही पालिकेची योजना; महिन्याभरापूर्वी तिच्याविरुद्ध मी होडीहोडीवर जाऊन सह्या गोळा केल्या होत्या, त्यात त्याची पहिली होती.

"वहिनी," तो म्हणाला, "आमच्याकडून विरोधाच्या सह्या घेतल्यात, आणि तुम्ही तिकडं जाऊन हसलात?"

"अहो, मला माहीतसुद्धा नाही!"

"भाची तुमचीच ना तिथं?"

एवढं बोलून तो गेला. त्या आठवड्यात त्याची होडी रंगवायला येणार होती. आली नाही. जाळी विणणारी म्हातारी रोज माझ्याकडे पाणी प्यायला यायची, ती समोरच्या नळावर जायला लागली. चाळीस वर्षं ज्या काठावर काढली, त्या काठानं माझ्याकडे पाठ फिरवली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हा. फलक बघून नव्हे.

भाचीला बोलावून घेतलं. ती आली, आणि मी तोंड उघडायच्या आत तिनंच सुरू केलं.

"बघितलास ना? मावशी, साहेबांना तुझा चेहरा इतका आवडला! आणि तुझ्यासाठी मी वेगळं काहीतरी मागून घेतलंय. नव्या घाटावर एक वारसा कोपरा होणार आहे. तिथं छत्रीखाली एक होडी ठेवायची. तू शनिवार-रविवार बसून ती रंगवायची. लोक बघायला येतील."

"कुणाची होडी?"

"कुणाची नाही. तिथलीच."

"रंगवून झाली की पाण्यात कुठून सोडायची?"

"सोडायची नाही, मावशी."

"मग रंगवून झाल्यावर काय करायचं?"

"परत रंगवायची," ती म्हणाली.

नवऱ्याच्या हातातला रंधा थांबला. तो गरीब स्वभावाचा माणूस, भांडण दिसलं की त्याला कुठलं तरी लाकूड तासायचं आठवतं. पण त्या वेळी तो म्हणाला, "पोरी, माकडाला निदान गावोगाव तरी हिंडवतात."

भाचीचे डोळे भरले. "मी नसते तर तुम्हाला तेवढंही मिळालं नसतं," म्हणाली आणि निघून गेली.

मग योजनेवर सुनावणी झाली. पालिकेच्या सभागृहात खुर्च्या, पंखे, भिंतीवर मोठा पडदा. बाहेरून आणलेला सल्लागार योजना समजावून सांगत होता. नदीत पाऊल न बुडवता सगळं नदीबद्दल बोलत होता; उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पाण्याशी नातं जोडायचं, रोजगार येणार, दुकानं येणार. पडद्यावर फलकाचंच चित्र. बाजूला लॅपटॉपपाशी माझी भाची, एकेक चित्र पुढं सरकवत.

माझ्या डोक्याला कामाचा रुमाल बांधलेलाच होता. उठले.

"एक विचारू का? पडद्यावरच्या या बाई कोण?"

"या?" सल्लागार खूश झाला. "या किनाऱ्याच्या प्रतिनिधी. स्थानिक कष्टकरी महिला."

"त्यांना ही योजना पसंत आहे?"

"त्यांच्या चेहऱ्याकडेच बघा ना. पसंत नसती तर इतक्या मोकळेपणानं हसल्या असत्या का?"

मागं बसलेले काठावरचे लोक खदखदून हसले. सल्लागारालाही वाटलं, आपला विनोद जमला, तोही हसला. तो माझ्याशी बोलत होता, माझ्याकडे बघत होता, पाठीमागं माझंच तोंड आठ फुटी, आणि त्याला काही कळत नव्हतं.

मी भाचीकडे बघितलं. तिनं फक्त 'ही माझी मावशी आहे' एवढं म्हणायचं होतं. बाकीचं मी बघून घेतलं असतं. तिनं मान खाली घातली आणि पुढचं चित्र लावलं.

"ती बाई मी आहे!" मी ओरडले. "आणि मला हे पसंत नाही!"

अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं. "वैयक्तिक तक्रारी लेखी द्या, बाई. आपली वेळ संपली."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौक माणसांनी भरलेला असताना मी डांबराचा डबा आणि मोठा ब्रश घेऊन गेले. नवरा खांद्यावर शिडी घेऊन माझ्यामागं. त्याला मी बोलावलं नव्हतं. शिडी लावून वर चढले आणि कपाळापासून सुरुवात केली. खाली गर्दी जमली.

"अहो, स्वतःच्याच तोंडाला काळं फासताय?" कुणीतरी ओरडलं.

"दुसऱ्याच्या फासलं असतं तर गुन्हा झाला असता!"

नवरा खाली शिडी धरून उभा होता. वर बघून शांतपणे म्हणाला, "डाव्या बाजूची हनुवटी राहिली." होडीच्या कामात तो नेहमी तसाच बोलायचा. मी हनुवटीही झाकली. गर्दीत नावाडी होता. पालिकेचा पहारेकरी शिडी ओढायला धावला तेव्हा तो मधे उभा राहिला.

दोन दिवसांत नोटीस आली. सार्वजनिक मालमत्तेचं विद्रूपीकरण. म्हणजे माझं तोंड आता सार्वजनिक मालमत्ता! बहिणीचा फोन आला.

"ताई, पोरीची नोकरी पक्की व्हायचीय अजून. माफी माग आणि मोकळी हो."

"माफी कुणाची मागू? माझीच?"

"तुझा राग आमच्या घरावरून वरवंटा फिरवेल, ताई."

मी फोन ठेवला. नोटिशीत दिलेल्या दिवशी पालिकेत गेले, तर अधिकाऱ्यानं हसून खुर्ची दिली.

"आता काही नाही, आजी. तुमची भाची काल येऊन गेली. तुमच्या वतीनं तिनं माफी मागितली. म्हणाली, वय झालंय, भावनेच्या भरात केलं. आम्ही पण माणसंच आहोत. प्रकरण मिटलं."

मी खुर्चीत बसलेच नाही. आधी माझं तोंड नेलं, आता माझी जीभही नेली. आणि तेही प्रेमानं. कुणा शत्रूनं केलं असतं तर सोपं होतं.

"मी माफी मागितलेली नाही," मी म्हणाले. "उघडा परत."

"मिटलेलं कशाला उघडता? तुमच्याच पोरीला त्रास होईल."

"ठाऊक आहे. उघडा."

आणि मला खरंच ठाऊक होतं. कुणी म्हणू नये की रागात कळलं नाही.

आठवड्यानं एका लहानशा खोलीत आम्हाला बसवलं. टेबलापलीकडे दोन अधिकारी, अलीकडे मी आणि भाची, मधे एक रिकामी खुर्ची. मी सगळं सांगितलं. मोठ्या अधिकारी बाईंनी भाचीला विचारलं, "फोटो वापरायला यांची संमती होती?"

ती कितीतरी वेळ टेबलाची कड नखानं खरवडत राहिली. मग म्हणाली, "नव्हती. मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे मला माहीत होतं."

मला ताकीद देऊन सोडलं. फलक उतरला. त्या जागी दुसरा आला, त्यावर कुठली कोण दुसरीच बाई हसते. भाचीला योजनेवरून काढून पाणीपट्टीच्या तक्रारींच्या खिडकीत बसवलं. बहिणीनं माझ्याशी बोलणं सोडलं. आणि योजना मात्र होती तशीच मंजूर झाली. उतारावर दगड पडले, आमची शेड एका सकाळी उतरवली. उतरवताना नवरा स्वतः खिळे काढून देत होता, पत्रे वाकू नयेत म्हणून. त्याच्याकडे बघून मला इतका राग आला की मी नदीकडे तोंड करून उभी राहिले.

आता आम्ही खूप खाली, वीटभट्टीच्या पलीकडे काम करतो. भट्टीवाल्यानं जागा दिली. उतार खडा आहे, होडी ओढताना जीव जातो. निम्म्या होड्या एवढ्या लांब येत नाहीत. नावाडी येतो.

गेल्या रविवारी भाची तिथं आली. विटांच्या धुळीतून चालत, चप्पल हातात घेऊन. मी एका होडीच्या पोटाला डांबर लावत होते. ती समोर उभी राहिली. नमस्कार नाही, काही नाही.

"मी तुझ्यावर चिडलेय," ती म्हणाली.

"चिड."

"खूप चिडलेय, मावशी."

"मग बस आणि चिड. उभ्यानं दम लागेल."

ती विटांच्या थप्पीवर बसली आणि बोलायला लागली. खिडकीत लोक कसे अंगावर येतात, आई कशी रडते, मी एकदाही तिच्या बाजूनं विचार कसा केला नाही, लहानपणापासून सगळं माझंच खरं कसं असायचं. आवाज इतका चढला की भट्टीवरच्या बाया काम सोडून बघायला लागल्या. इतकी वर्षं ती मला गोड बोलून गप्प करत आली होती. असं तोंडावर कधी बोलली नव्हती. त्यातलं निम्मं खरं होतं. मी मधे एक शब्द बोलले नाही, ब्रशही हलवला नाही, डांबर वाळत होतं तरी.

ती दमून थांबली. नवऱ्यानं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि हळूच पलीकडे सरकला.

मग मी ब्रश खाली ठेवला. आता बोलायची पाळी माझी होती.