सात टिपांचा ब्लाऊज

माणसाने ज्या दिवशी हाडाच्या टोकाला भोक पाडून त्यातून पहिला दोरा ओवला, त्याच दिवशी संस्कृतीचा जन्म झाला. चाक, नांगर आणि लेखणी ही त्या सुईची धाकटी भावंडे होत.

हे वाक्य सुचायला मला तीन दिवस लागले होते. आमच्या हिने ते वाचले, तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीत खोचल्या आणि म्हणाली, "छान आहे. आता हे काढा, आणि इथे काज कसं करायचं ते लिहा."

त्याचे असे झाले. दर बुधवारी दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत चार बायका शिवायला बसत. हिचे मशीन खिडकीशी, बाकीच्या तिघी हातशिलाईचे घेऊन भिंतीकडेला. वीस वर्षे हे चालले होते. मग एका बुधवारी त्यांच्या मनाने घेतले, की आपापल्या सवयी, खोडी आणि हातचे राखून ठेवलेले उपाय एका वहीत उतरवावेत. आपल्यामागे कुणाला तरी उपयोगी पडतील. 'आपल्यामागे' म्हणताना सगळ्या हसल्या. माझे अक्षर बरे आणि निवृत्त झाल्यापासून मी घरात खुर्ची अडवण्यापलीकडे काही करत नव्हतो, म्हणून मला लेखनिक नेमले.

हे काम सोपे नव्हते. चौघींचे एका गोष्टीवर एकमत होईल तर शपथ. एक म्हणे, दोरा दातांनी तोडला तरच गाठ बसते. दुसरी म्हणे, म्हणूनच तुझे पुढचे दोन दात बाहेर आलेत. बटणवालीचे म्हणणे, रागात कात्री धरू नये. तिने एकदा सासूवरच्या रागात कापड बेतले आणि दोन्ही बाह्या उजव्या निघाल्या. ही बटणवाली म्हणजे हिची सगळ्यांत जुनी मैत्रीण. कोपऱ्यावर तिचे बटणे, दोरे आणि अस्तरांचे दुकान होते, आणि मला ती भाऊजी म्हणून हवे ते बोले.

हिने सांगितलेली कलमे मात्र थोडी आणि नेमकी. घेतल्या तितक्या सुया मोजून परत उशीत गेल्याशिवाय जागेवरून उठायचे नाही. इस्त्री आधी, शिलाई मग. नवऱ्याचे माप घेताना त्याला बोलता ठेवावे. गप्प असला की पोट आत ओढतो आणि सदरा महिनाभरात बटणांवर येतो. हे कलम मी निषेध नोंदवून लिहिले.

नववे कलम मी जसेच्या तसे देतो, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. 'शिवणीच्या आत जास्तीचे कापड म्हणजे माया भरपूर सोडावी, ती कधीही कापू नये. कपडा सैल झाला तर जुनी टीप उसवू नये. तिच्या शेजारी, आतल्या अंगाला दुसरी मारावी. माणूस पुन्हा भरला की आतली टीप उसवली, की झाले. बाहेरची तयारच असते.' आणि त्याखाली दहावे: 'बॉबिनला उरलेला रंगीत दोरा फेकू नये. जिथे कुणी बघणार नाही अशा आतल्या शिवणीला तो वापरून संपवावा.'

ही दोन्ही कलमे मी माझ्या हाताने, वळणदार अक्षरात, शाईने लिहिली. लिहिणाऱ्याने लिहिलेले समजून घ्यावे असे कुठेच म्हटलेले नाही.

त्या वर्षात माझे पोट सुटत चालले होते. ही माझ्या विजारी एकामागून एक सैल करत होती आणि दर वेळी म्हणत होती, "अजून दोन बोटं शिल्लक आहेत. नंतर पडदा गुंडाळावा लागेल." ती स्वतः मात्र होती तशीच होती. म्हणजे मला तसे दिसत होते. खांद्यावर सुरकुती नाही, काखेत झोळ नाही, ब्लाऊज अंगावर ओतल्यासारखा. जिन्यात शेजारीण म्हणाली, "तुम्ही किती छान राखलंय स्वतःला." मी ते घरी येऊन मोठ्या आवाजात सांगितले. ही मशीनवर वाकलेली होती. "हं," म्हणाली.

या 'हं'बद्दल सांगितले पाहिजे. हिच्या तोंडात दिवसातले सहा तास टाचण्या असत. अडतीस वर्षांच्या संसारातले निम्मे प्रश्न मी टाचण्यांना विचारले आणि निम्मी उत्तरे 'हं' अशी आली. जेवलीस का? हं. दमलीस का? हं. एकाच 'हं'मध्ये हो आणि नाही दोन्ही बसत, आणि मला जे सोयीचे ते मी घेत असे. अलीकडे मी तिच्या ताटाकडे बघितले, की टाचण्या तोंडात जात, जेवायच्या वेळीसुद्धा.

एका बुधवारी मशीन चालू असतानाच तिचे डोके पुढे झुकले. कपाळ कापडावर टेकले आणि पाय मात्र पायडलवर चारदोन टाके पुढे गेला. बटणवालीने आधी चाक धरून थांबवले आणि मग हिला धरले. शिवणाऱ्या बाईचे भान असेच असते.

रुग्णालयात तिला तिथला झगा दिला. एकाच मापाचा, सगळ्यांना, मागे दोन नाड्या. ती पडद्याआडून तो घालून आली आणि मी माझ्या बायकोला बऱ्याच महिन्यांनी पाहिले. झग्याच्या गळ्यातून दोन हाडे निघून खांद्याकडे गेली होती. बाहीतून हात आला तो बाहीला कुठेही न लागता आला. मला वाटले, चुकून दुसऱ्याच कुणाला इकडे आणले.

"शिलाई बघितलीत का याची?" ती म्हणाली. "धावदोरा घातलाय नुसता."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी विचारले, "वजन कधीपासून उतरतंय?"

"झाले असतील पंधरा दिवस," ही म्हणाली. "पोट बिघडलं होतं."

"नक्की ना? तसं असेल तर औषध देते, दोन दिवसांत घरी. पण काही महिने उतरत असेल तर मला आतून तपासावं लागेल, आणि ते आजच सुरू करावं लागेल. घरात वजनकाटा आहे?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "काका, तुमच्या काही लक्षात आलं होतं?"

मी अडतीस वर्षे या बाईच्या समोर बसून जेवलो होतो. मला सांगता आले असते की ती चहात साखर किती घेते, कुठल्या पावलाने जिना उतरते. मी म्हणालो, "ही म्हणते तसंच असेल."

हिने डोळे मिटून घेतले. मला वाटले, दमली.

बटणवाली बाहेर बाकावर बसली होती. हिचे अंगावरचे कपडे घरी न्यायला मी तिच्या हातात दिले. दुसरी कुणी असती तर तिने ते पिशवीत कोंबले असते. तिने सवयीने ब्लाऊज उलटा केला, शिवण बघायला. शिवणारी माणसे कपडा सुलटा बघतच नाहीत. लग्नघर असो की रुग्णालय, आधी आतली बाजू.

मग तिने तो उजेडाकडे धरला आणि दुसऱ्या बाजूची शिवणही उलटून पाहिली.

"भाऊजी, इकडे या."

काखेपासून कमरेपर्यंत, दोन्ही बाजूंना, शेजारी शेजारी टिपा होत्या. पांढरी, ती मूळची. तिच्या आत हिरवी. मग जांभळी, करडी, विटकरी, पुन्हा करडी, पिवळी. सात. एकही उसवलेली नव्हती. माया तीन बोटे झाली होती. ब्लाऊजमध्ये आता बाईपेक्षा शिवणच जास्त होती.

"नववं कलम," मी म्हणालो. मला तेवढेच आठवले.

"कलम घाला चुलीत." तिने हिरव्या टिपेवर नख ठेवले. "हा दोरा मी तिला दिलाय. वाचनालयाचे पडदे शिवले ना, त्याचा उरलेला. कधीची गोष्ट?"

"मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्याच आठवड्यात पडदे लागले. मीच तर शिडी धरली होती."

"म्हणजे अकरा महिने." नख पुढे सरकले. "जांभळा माझ्या भाचीच्या झग्याचा. दुकानाला रंग दिला तेव्हा. नऊ. करडा तुमच्या विजारीचा. ही दुसरी करडी पण तुमच्याच विजारीची."

त्याचा अर्थ मला आपोआप लागला. ज्या दुपारी तिने माझी विजार सैल केली, त्याच बसल्या बैठकीला, त्याच बॉबिनवर, तिने स्वतःचा ब्लाऊज आवळला होता. एकदा नव्हे, दोनदा. मी दोन्ही वेळा समोर वर्तमानपत्र वाचत होतो आणि पोटाविषयी विनोद करत होतो.

"आणि हा पिवळा?"

"पिवळा गेल्या सोमवारी नेला तिने," बटणवाली म्हणाली. "म्हणाली, चांगलं ऊन आहे, पिवळं काहीतरी शिवते." मग ती रडू लागली, आणि रडतारडता तिने ब्लाऊजची घडी नीट चौकोनी घातली.

तो ब्लाऊज घेऊन मी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेलो. उलटा करून त्यांच्या टेबलावर पसरला आणि एकेक रंग सांगितला. मला वाटले होते त्या हसतील. त्यांनी पेन काढले आणि प्रत्येक टिपेपुढे महिना लिहून घेतला. दोन टिपांमधले अंतर बोटाने मोजले. शेवटच्या दोनमधले सगळ्यांत जास्त होते. मग त्यांनी फोन उचलला आणि तपासणीची वेळ त्याच दिवशीची घेतली.

ही त्या दिवशी माझ्याकडे पाठ करून निजली. दुसऱ्या सकाळी बोलली.

"माझी उलटी बाजू दाखवलीत त्यांना."

"दाखवली."

"पिवळी टीप वाकडी होती. हात कापत होता. ती तरी झाकायची."

"अगं, पण सांगायचंस ना मला."

"काय सांगायचं? पहिल्यांदा वाटलं, कापड पसरलंय. त्या ब्लाऊजचं कापड तसं होतंच फसवं. दुसऱ्यांदा वाटलं, माझीच बेतणी चुकली. तीन वेळा मी कापडालाच दोष देत बसले." तिने अंगावरच्या झग्याची कड चिमटीत धरून पाहिली, सोडून दिली. "चौथ्यांदा कळलं. पण तोवर हाताला सवय लागली होती. आणि ढगळ कपडा मला बघवत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"उसवली एकही नाहीस."

"भरेन परत, म्हणून ठेवल्या."

तपासणीत जे निघायचे ते निघाले. डॉक्टरीणबाईंनी गोड बोलून फिरवले नाही. हिरव्या टिपेच्या वेळी आला असतात तर कापून काढता आले असते, म्हणाल्या. जांभळ्यालाही कदाचित. त्यांनी महिने न सांगता रंग सांगितले, हे मला बरे वाटले की वाईट, अजून ठरलेले नाही. आता त्रास कमी करायचा, घरी न्यायचे, तिला आवडेल ते करू द्यायचे.

तिला आवडे ते एकच होते. घरी आल्याच्या चौथ्या दिवशी तिने मशीनवरचे आवरण काढायला लावले. बुधवार होता. बाकीच्या तिघी आल्या आणि खूप बोलल्या, कुणीही काही म्हणाले नाही. वही माझ्याकडे तशीच पडली होती. त्या गेल्यावर हिने ती मागवली, नववे कलम वाचले आणि म्हणाली, "याखाली लिहा. तिसरी टीप मारायच्या आधी वजन करून घ्यावं."

मी लिहिले. अक्षर बरे आले नाही. तिने ते वाचून नुसती वही मिटली. एरवी पुन्हा लिहायला लावले असते.

मग तिने कपाटातून पांढरे कापड काढायला सांगितले. तीन सदऱ्यांचे.

"आत्ता काय घाई आहे?" मी म्हणालो, आणि म्हणाल्यावर जीभ चावली.

"आहे ते शिवून ठेवते. दोन-दोन बोटं जास्त सोडीन. तुमची वाढ अजून थांबलेली नाही. पुढे ती देईल सैल करून, मी दाखवलंय तिला." ती म्हणजे बटणवाली. "उभे रहा इथे."

मी खिडकीशी उभा राहिलो. ती खुर्चीत बसूनच माप घेणार होती; टेप तिच्या गळ्यात होती आणि गळ्यापेक्षा टेपच रुंद दिसत होती. गेले आठ दिवस मी मनाशी काही जुळवत होतो. अडतीस वर्षांचे एकदाच काय ते बोलून टाकायचे, क्षमा मागायची, आणि टाचण्या तोंडात जायच्या आत मागायची, असे ठरवले होते. सुरुवातीचे वाक्य तर पाठच केले होते. घसा खाकरला. ताठ उभा राहिलो. श्वास भरून घेतला.

"तुला एक सांगायचं होतं," मी म्हणालो. "आयुष्यभर मी..."

तिचे दोन्ही हात माझ्या कमरेभोवती आले, टेपची दोन टोके पुढे जुळली आणि तशीच थांबली.

"सांगा, सांगा, मी ऐकतेय," ती म्हणाली. "पोट तेवढं सोडा."